तपकिरीची बाटली तळाला गेली तेव्हा

"तरंगली तर बाटली, बुडाली तर धोंडा!" असं म्हणत आमचे शेजारचे काका कुणाचीही वस्तू खुशाल पाण्यात सोडत.

डोंबिवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक कपाट भरून चिनी तपकिरीच्या बाटल्या होत्या. अंगठ्याएवढ्या, अकीक नावाचा दगड कोरून केलेल्या. वाटाण्याएवढ्या तोंडातून वाकडं हत्यार घालून कारागीर आतला दगड महिनोन्‌महिने खरवडायचा, इतका की दगड चक्क तरंगायचा. काका बादलीत दाखवायचे आणि आम्ही आ वासून बघायचो. माणूस मात्र महाखडूस. तुम्हीही असा एखादा शेजारी सोसला असेलच. बिल्डिंगमध्ये कुणी नवीन आलं, की जिन्यातच यांचा निकाल, "हा बुडणार."

माझे बाबा जहाजावर होते. हाँगकाँगहून त्यांनी आईला अशीच एक बाटली आणलेली, हिरवट दगडाची, पोटावर दोन मासे कोरलेली. "खरा जेड आहे, जप," म्हणालेले. बाबा गेल्यावर ती त्यांच्या फोटोपुढे असायची. एका दिवाळीत काका फराळाला आले आणि आईने हौसेने ती त्यांच्यापुढे धरली.

काकांनी ती पातेल्यातल्या पाण्यात सोडली. डुबुक! तळाला.

"वहिनी, धोंडा हो! फसवलं तुम्हाला."

"त्यांनाच फसवलं असेल कुणीतरी," आई म्हणाली.

"जहाजावरच्या माणसाला? छे! असलं स्वस्तातलं बघूनसवरूनच आणतात बायकोसाठी."

बाकीचे पाहुणे हसले. मीही हसले, आग लागो माझ्या तोंडाला. आईने बाटली फ्यूजच्या तारांच्या खणात टाकली. पुढे मरेपर्यंत बाबांचं नाव निघालं की म्हणायची, "जन्मभर गंडवलं मला."

आई गेल्यावर खण आवरताना ती सापडली. ठाण्यातल्या एका जाणकाराने भिंग लावून पाहिली. "अस्सल जेड. जड दगड, सहसा बुडतोच. तरंगतो तो अकीक. बाटल्या जमवणाऱ्या कुणालाही विचारा."

काका तोवर मुलाकडे घोडबंदर रोडला गेलेले, खाटेला खिळलेले. मी तडक तिथे गेले.

"काका, जेड बुडतोच म्हणे."

मी पुढे धरलेली बाटली त्यांनी लगेच ओळखली. "ठाऊक होतं गं. तेव्हाच."

"मग असं का केलंत?"

"माझ्याकडे तसली एकही नव्हती." त्यांनी हात पुढे केला. "एकदा हातात दे. आई नाही रागावायची."

"आई गेली, काका. बाबांना बोल लावत गेली."

हात तसाच पुढे होता. मी बाटली पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि निघाले. "अगं, नुसती एकदा..." लिफ्टपर्यंत ऐकू येत होतं.

महिन्याभरात ते गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.