गवतच ते

उल्हास मराठे अकरा वर्षं जपानमध्ये, कावासाकीत राहतो. बाटलीचं झाकण आणि लेबल काढल्याशिवाय ती कचऱ्यात टाकणार नाही, आणि नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाने चुकीच्या वारी पिशवी बाहेर ठेवली, तर घरी जाऊन शिकवणी घेणार. व्हिसाचा फॉर्म असो की मुलांची शाळा, सगळे म्हणतात, उल्हासदादांना विचार. हे ऐकायला त्याला फार आवडतं, खोटं कशाला सांगा!

त्याचं ऑफिस एका खासगी लष्करी पथकासाठी काम करतं. दूर कुठेतरी लढाई चालू आहे. माघार घेताना शत्रूने टाकून दिलेले ट्रक, रडार, जनरेटर हे पथक उचलून आणतं. ड्रोनने काढलेले फोटो आधी इथे येतात आणि उल्हासची टीम त्यांवर शेरा मारते: उचला, भंगार, धोका. घरी त्याने ‘मॅपिंगचं काम’ एवढंच सांगितलंय.

शंका आली की ‘अस्पष्ट’ असा शेरा मारायचा आणि दुसऱ्याने तो फोटो स्वतः उघडून बघायचा, असा नियम. त्यात अर्धा तास मोडतो. उल्हास आणि शेजारच्या टेबलावरची स्वरूपा, दोघंही पुण्याची. त्यांनी आपला जुगाड काढला होता. शेराबिरा काही नाही, सरळ मराठीत विचारून मोकळं व्हायचं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तासाभरावरच्या इचिकावात मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. उल्हासने बॅग खांद्याला लावली होती.

“दादा, या रडारच्या ट्रकखाली बघा ना. तार आहे का गवत?”

त्याने मान वळवली, पण घड्याळाकडे.

“गवतच ते. बघितलंय मी. पाठव तू.”

सोमवारी चार ओळींचा अहवाल आला. तार सुरुंगाची होती. ट्रकला साखळी लावायला गेलेल्या माणसाचे दोन्ही पाय गेले. त्याचं नावही दिलं नव्हतं, नुसतं ‘सदस्य क्रमांक चार’.

विभागप्रमुख मोरिता-साननी सगळ्यांना बोलावलं. नोंदीत एकट्या स्वरूपाचं नाव होतं. मराठीत बोललेलं कुठल्या नोंदीत असणार?

“कोणाला विचारलं होतं का?” मोरिता-साननी विचारलं.

स्वरूपाने उल्हासकडे पाहिलंसुद्धा नाही. “मी शेरा मारायला हवा होता,” म्हणाली आणि माफी मागत कमरेत वाकली.

उल्हासला उठायचं होतं. तो उठला नाही. आपण सुटलो, असं त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तो बसूनच राहिला.

स्वरूपाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी इथल्या रीतीप्रमाणे ती मिठाईचा खोका घेऊन टेबलाटेबलाशी गेली, ‘तुम्हाला त्रास दिला’ म्हणत प्रत्येकापुढे एकेक वडी ठेवत. उल्हासपाशी येऊन थांबली.

“दादा, एक विचारू? तुम्हालाही खरंच गवतच दिसलं होतं ना? दोघांनाही तसंच दिसलं असेल, तर मी एकटीच आंधळी नव्हते, असं तरी वाटेल.”

मराठी कळणारं तिथे तिसरं कोणी नव्हतं. खरं बोलला असता, तर ते फक्त तिलाच कळलं असतं.

“हो गं,” उल्हास म्हणाला. “गवतच दिसलं.”

तिचा चेहरा मोकळा झाला. “थँक यू, दादा,” ती म्हणाली, आणि त्याच्या टेबलावर तिने दोन वड्या ठेवल्या.