नकाशातली आत्या

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मी पटकन सांगेन. "दार लावा रे त्या संडासाचां!" हे वाक्य शेवंती आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबांचं नाव धाकू, आणि ते तिला बाय म्हणतात.

मुलुंड पूर्वेला आजोबांनी गिरणीत असताना घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर आमचं बैठं घर होतं. पुढे एक खोली, मागे एक, मधे बोळ. पूर्वी संडास मागच्या अंगणात होता. मग कधीतरी तो घरात आणला, आणि त्याला जागा मिळाली ती त्या बोळात. आत्याचं अंथरूणही बोळातच पडायचं. सगळे झोपले की ती चटई टाकणार, सगळे उठायच्या आत गुंडाळून माळ्यावर टाकणार. रात्री कुणी उठलं की तिला ओलांडून आत जायचं, आणि येताना दार उघडं टाकून यायचं. आम्ही झोपेत असायचो, बाबा जागे असूनही टाकायचे. आत्याला वासाची भयंकर शिसारी. उशाशी कापराची पुरचुंडी ठेवून झोपायची ती. हे इतकी वर्षं चाललं की आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं, आणि आता ते आठवलं की मला आमच्या घराची किळस येते.

तिचं लग्न ठरलेलं होतं. गिरण्यांचा संप झाला, आजोबा घरी बसले, आणि आत्याने पुढच्या खिडकीशी शिलाई मशीन मांडलं. फॉल, पिको, परकर, उशांचे अभ्रे. मुलाकडचे लोक वर्षभर थांबले आणि मग कंटाळून त्यांनी दुसरी मुलगी केली. त्या मशीनवर बाबा शिकले, त्यांचा धाकटा भाऊ सुबोधकाका शिकला. आई नोकरीला जायची तेव्हा मला आणि माझ्या भावाला, हर्षदला, सांभाळलं तेही आत्याने. एक पाय मशीनवर आणि दुसऱ्या पायाने पाळण्याची दोरी, असा तिचा हिशोब.

आणि तरी भाऊबिजेला तिला साडी नसायची. नाक्यावरच्या चुलतआत्या यायच्या, त्यांना साड्या. आत्या त्यांच्यासाठी घावणे घालायची. एकदा मी लहानपणी विचारलं तर बाबा म्हणाले, "अगो, ती घरातलीच ना. माहेरवाशीण बाहेरून येते." मला तेव्हा ते पटलंही होतं.

आता घर पाडून नवं बांधायचं ठरलं. तळमजला आणि वर एक मजला. आई आधीच वारली होती, पैसा मुख्यतः हर्षदचा, त्यामुळे सूत्रंही त्याच्याच हातात. त्याने श्वेता नावाची एक तरुण आर्किटेक्ट शोधली. ही पोरगी मला पहिल्या दिवसापासून आवडली. तिने टेप बाहेर काढायच्या आधी खाली बसून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही रात्री कुठे झोपता?" बाबांनी सांगितलं, हर्षद आणि त्याची बायको जान्हवी यांनी सांगितलं. मग तिने आत्याकडे बघितलं.

"माझां काय गो," आत्या हसून म्हणाली. "सगळे आडवे झाले की माका जागो गावता."

श्वेता हसली नाही. तिने काहीतरी लिहून घेतलं, मशीनची लांबी-रुंदी घेतली आणि गेली.

पंधरवड्याने नकाशा आला. हर्षदने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सगळ्यांनी फीडबॅक द्या.' मी मालाडला माझ्या घरी भाजी निवडत होते. फोनवर बोटांनी मोठा करून बघितला. खाली, स्वयंपाकघराच्या शेजारी, मागच्या अंगणाकडे खिडकी असलेली एक लहान खोली. त्यात एक कॉट. खिडकीशी शिलाई मशीन, चक्क चाकासकट काढलेलं. आणि मधोमध लिहिलेलं: आत्या. बाकीच्या खोल्यांवर बेडरूम एक, बेडरूम दोन असं होतं. माणूस म्हणून नाव फक्त तिचं होतं.

मी लगेच आत्याला फोन लावला. हर्षदने तिला प्रिंट काढून दाखवली होती. "माझां मशीन बरां काढल्यान गो तेणां," एवढंच म्हणाली, आणि मग उगाच बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी करत बसली. फोन ठेवायची तिची इच्छाच होत नव्हती.

मग फीडबॅक सुरू झाला.

सुबोधकाका बोरिवलीला राहतो, या घरात तो वर्षातून गणपतीचे दीड दिवस येतो. त्याचं म्हणणं, हॉल लहान आहे, आरतीला माणसं उभी कुठे राहणार? झालं, आत्याच्या खोलीची भिंत आत सरकली. जान्हवीला स्वयंपाकघराला कोरडी बाल्कनी हवी होती, वॉशिंग मशीनसाठी. भिंत दुसऱ्या बाजूनेही सरकली. दुसऱ्या नकाशात कॉट होती, शिलाई मशीन नव्हतं. नाव होतं 'आत्या / स्टोअर'. मी ग्रुपवर लिहिलं, 'आत्याचं मशीन कुठे गेलं?' त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. काकाने थोड्या वेळाने गणपतीच्या मखराचा एक फोटो टाकला. त्याला मात्र पटापट अंगठे मिळाले.

मी हर्षदला फोन केला.

"यार शीतल, तू तिकडे बसून फाटे फोडू नकोस ना," तो म्हणाला. "आत्याचं काय, ती कुठेही राहते. ॲडजस्ट होते ती."

"कुठेही म्हणजे कुठे?"

"अगं कुठेही म्हणजे कुठेही. हॉलमध्ये सोफा कम बेड घेतोय ना."

"तिला विचारलंस?"

"तिने कधी कशाला नाही म्हटलंय?"

या एका वाक्यावर आमचं घर चाललं होतं. डोक्यात तिडीक गेली माझ्या. फोन ठेवला नसता तर मी काय बोलले असते, देव जाणे.

यानंतर आले चंद्रप्रकाशजी. घाटकोपरचे वास्तुतज्ज्ञ, जान्हवीच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेले. अंगठ्या दोन्ही हातांत, तोंडात सुपारी, बोलताना ती एका गालातून दुसऱ्या गालात. नकाशावर त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र ठेवलं आणि चुकचुकले. पाहुण्यांसाठीचं टॉयलेट ईशान्येला होतं. "ईशान तो भगवान का कोना है साहेब, इकडे संडास म्हणजे सगळी वाट लागली ना! ये वायव्य में डालो." वायव्येला आत्याची खोली होती. त्यांनी सुपारी खाऊन लाल झालेल्या बोटाने त्या खोलीवर टिचकी मारली. कागदावर डाग पडला. कुणाला काही वाटलं नाही. चंद्रप्रकाशजींचं एक वेळ सोडा, तो बाहेरचा माणूस. पण बाबाही मान डोलावत होते.

तिसरा नकाशा दाखवायला श्वेता स्वतः आली, म्हणून मीही मुद्दाम मुलुंडला गेले. तिने कागद टेबलावर पसरला आणि कुणाकडेही बघितलं नाही. जिथे कॉटचं उशीकडचं टोक होतं, बरोबर तिथे कमोड काढलेला होता. खिडकीच्या जागी एक्झॉस्ट फॅनचं भोक. वर लिहिलेलं: 'गेस्ट टॉयलेट'.

"मी हर्षदना म्हटलं होतं," श्वेता हळूच म्हणाली, "जिन्याखाली बसू शकतं हे. मग आत्यांची खोली राहते."

"जिन्याखाली बाबांची स्कूटर येतेय," हर्षद म्हणाला. "आणि पाहुण्यांना जिन्याखाली पाठवायचं? कसं दिसतं ते?"

मी म्हटलं, "आणि आत्याला सोफ्यावर झोपवायचं, ते कसं दिसतं रे?"

"शीतल, प्लीज. सगळ्यांचा फीडबॅक घेऊनच केलंय ना?"

"आत्याचा घेतलास?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बाबांनी टीव्ही चालू नसतानाही टीव्हीकडे बघायला सुरुवात केली. मी तिच्या हातातून ट्रे घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिने चष्मा लावून नकाशा नीट बघितला. कमोडवर बोट ठेवलं.

"ह्या काय?"

शेवटी श्वेतानेच सांगितलं.

"शी!" आत्या म्हणाली, आणि बोट पदराला पुसलं.

जान्हवी घाईने म्हणाली, "आत्या, पण घरभरणीला कलश तुम्हीच आणायचा हं. तुमचाच मान आहे."

हे मात्र खरं होतं. आमच्यात नवं घर झालं की थोरल्या बहिणीने कलश घेऊन यायचं. उंबऱ्यावर तिने थांबायचं, भावाने विचारायचं, काय हवं? ती मागेल ते त्याने तिथल्या तिथे, स्वतःच्या हाताने द्यायचं, मगच ती पाऊल आत टाकणार. आजोबांच्या बहिणीने दुभती शेळी मागितली होती, आणि आजोबांनी ती दावणीची सोडून तिच्या हातात दिली. आजी त्या शेळीवरून मरेपर्यंत कुरकुरत होती.

आत्याने चष्मा काढला. "भाऊबिजेक माका साडी नाय, कित्याक तर मी घरातली. आता खोली नाय. मगे आता मी खयली, ता तरी सांगा."

मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. ते तिचे भाऊ होते. तिच्या फॉल-पिकोवर दहावी झालेले भाऊ. त्यांनी चहाचा घोट घेतला.

हर्षद म्हणाला, "अगं आत्या, साडीचं काय घेऊन बसलीस? घरभरणीला झकास पैठणी घेऊ तुला. रंग सांग फक्त."

मी उठले आणि मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर आले तेव्हा आत्या नकाशाची घडी घालून देत होती आणि म्हणत होती, "खयलो पण रंग चलात. तुमका आवडात तो."

घर पाडताना बाकीचे जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. 'तेवढे दिवस आत्याला तुझ्याकडे ठेव' असा मला मेसेज आला. आत्या मशीनसकट मालाडला आली. माझ्या नवऱ्याने ते मशीन तीन मजले उचलून आणलं आणि काही न विचारता हॉलच्या खिडकीशी ठेवलं. आठवड्याभरात आमच्या बिल्डिंगमधल्या बायका साड्या घेऊन यायला लागल्या. आमचं घर एवढंएवढंसं आहे, आत्या दिवाणवर झोपते. संडासाचं दार ती स्वतःच लावते आणि मग एकदा ढकलून बघते.

नवं घर उभं राहिलं. घरभरणीच्या सकाळी मी आणि आत्या मालाडहून रिक्षाने निघालो. तिने जांभळी पैठणी नेसली होती, रंग जान्हवीने निवडलेला. मी वाटेत तिला म्हटलं, "आत्या, आज उंबऱ्यावर खोली माग. सगळ्यांसमोर बाबांना नाही म्हणता येणार नाही. रीत आहे ती."

"आणि निजू खंय? त्या कमोडार?"

"ते फोडायला लाव."

मांडीवरचा कलश तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, खड्ड्यांमधून पाणी सांडू नये म्हणून.

मुलुंडच्या दारात मंडप, माणसंच माणसं. सुबोधकाकाचे बोरिवलीचे शेजारीसुद्धा आलेले. चंद्रप्रकाशजी पहिल्या रांगेत, सुपारी चघळत. सकाळपासून पाहुण्यांचा राबता, आणि नवं टॉयलेट सगळ्यांनी आवडीने वापरलेलं. उंबऱ्याशी आलो तर अगरबत्ती, झेंडू, भाताच्या वाफा, आणि या सगळ्याच्या वर तो वास. आत सरळ दिसत होतं ते दार, सताड उघडं. आत्याच्या नाकपुड्या फुलल्या ते मला दिसलं.

ती थांबली. सगळे मोबाइल वर झाले. हर्षद ओरडला, "शांतता! आत्या मागतेय!" कुणीतरी म्हणालं, "शेळी नको मागूस गं, पार्किंगला जागा नाही!" हशा पिकला.

बाबा सोवळं नेसून पुढे आले. डोळे ओले, आवाज जड. अशा दिवशी त्यांना रडायला आवडतं. "माग गो बाय. आज काय मागशीत ता देतलंय. काय व्हया तुका?"

माग, माग, माग, मी मनातल्या मनात म्हणत होते.

आत्याने बाबांकडे बघितलं, अगदी शांतपणे, माझ्या लहानपणी त्यांच्या ताटात शेवटची पोळी वाढताना बघायची तसं. मग त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

"त्या संडासाचां दार लाव, धाकू," ती म्हणाली. "वास येता."

पुन्हा हशा झाला. आत्याचा जुना स्वभाव माहीत असलेले तर टाळ्या पिटायला लागले. हर्षदही हसत होता. बाबा हसले नाहीत. ते वळले, माणसांतून वाट काढत आत गेले, त्या खोलीशी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने ते दार ओढून घेतलं. कडी नवी होती, लवकर बसेना. बराच वेळ ते आमच्याकडे पाठ करून तिच्याशी झटत होते, आणि आत्या कलश घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती.