लिफ्टसाठी केलेली नसबंदी

"युरिनरी इनकॉन्टिनन्स," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे लघवीवर ताबा न राहणं. "झोपेत गळते, तिला कळतही नाही. तुम्ही ओरडता का तिला?"

सहा महिने आम्ही दुसरं केलं तरी काय होतं?

चिंगी आमची लॅब्रॅडॉर, दोन वर्षांची. पुण्याहून व्हाइटफील्डला आलो तेव्हा ती पिल्लू होती. सोसायटीच्या कमिटीचा फतवा होता: नसबंदीचं सर्टिफिकेट नसेल तर कुत्र्याला लिफ्ट बंद. आमचं घर बाराव्या मजल्यावर. कमिटीनेच भरवलेल्या शिबिरात ती पाच महिन्यांची असतानाच उरकून टाकलं. पुढे काय होऊ शकतं, याबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि आम्ही दीडशहाणे! मिक्सर घेताना पन्नास रिव्ह्यू वाचतो, इथे एक प्रश्न विचारला नाही.

मग दीड वर्षाची झाल्यावर सुरू झालं. गादी ओली, सोफा ओला. फडकं घेऊन पुसताना मी तिच्यावर ओरडायचे. माझा नवरा निखिल म्हणाला, "माजलीये ती." ट्रेनर लावला. माझ्या मीटिंगआधी मी तिचं पाण्याचं भांडंच उचलून ठेवायचे. लिहितानाही लाज वाटते. शेवटी तिला शहराबाहेर देवनहळ्ळीजवळच्या एका शेतावर कायमचं पाठवायचं ठरलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंजुळाअक्का भडकल्या. "मॅडम, वो सोते में होता है. डॉक्टर को दिखाया क्या?"

नव्हतं दाखवलं.

लघवीची तपासणी, सोनोग्राफी, दोन तास बाकावर. डॉक्टरांनी समजावलं, "अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं. लघवी रोखणारा स्नायू सैल पडू शकतो. सगळ्याच कुत्र्यांना होत नाही. नसबंदीने गर्भाशयाचा जीवघेणा संसर्ग टळतो, हेही खरं. पण कधी करायची, ते जात, वजन, वय बघून ठरवावं."

वय-वजन न बघता सक्ती करू नका, असं पत्र मी कमिटीला लिहिलं. उत्तर आलं, "रूल इज रूल, मॅडम." चुलीत घाला तुमचा रूल!

तुमच्याकडे पिल्लू असेल तर नसबंदीच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना दहा प्रश्न विचारा. घाई कमिटीला असते, शरीर कुत्र्याचं असतं.

डॉक्टरांनी दिलेलं औषध लागू पडलं. दहाव्या दिवशी गादी कोरडी होती. शेतावर पाठवणं निखिलने स्वतः रद्द केलं. मंजुळाअक्कांचे उपकार मी विसरणार नाही.

पण मी फडकं घेऊन खोलीत आले की चिंगी अजून शेपूट पायात घालून कोपऱ्यात सरकते. मी नुसतं टेबल पुसायला आलेली असते.