काकूंचा ग्राइंडर

काकूंना माफी मागायची भारी सवय. मांजर पायात आलं तरी त्या मांजरालाच "चुकलं हं" म्हणत. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा जिना चढताना मला धाप लागली, तर त्यांनी जिन्याबद्दलही माफी मागितली होती.

त्या तंजावरी मराठी. माझं नाशिकचं बोलणं त्यांना फार घाईचं वाटे. काका ठार बहिरे, त्यामुळे बोलायची सगळी हौस माझ्यावर भागवली जाई.

कोरोनाच्या न्यूमोनियातून काकू जेमतेम वाचल्या आणि खोकला घेऊनच घरी आल्या. अशक्तपणाचा असेल, असं आम्ही धरून चाललो. माझं ऑफिस तेव्हा घरूनच चाले. एकदा त्यांचा खोकला खिडकीतून थेट मीटिंगमध्ये पोचला आणि साहेबांनी विचारलं, घरी वाघ पाळलाय का? संध्याकाळी मी हे काकूंना हसत सांगितलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "पावं रे बाळा, तुझ्या कामात माझी कटकट." पावं म्हणजे त्यांच्या बोलीत बिचारा.

दुसऱ्या दिवसापासून खोकला बंद आणि डोशाच्या पिठाचा ग्राइंडर सुरू. सकाळी घरघर, दुपारी पुन्हा घरघर. वर गरम डोसे येऊ लागले. दोघांच्या घरात एवढं पीठ कशाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी डोसे हाणत आईला फोनवर सांगत होतो, काकू आता ठणठणीत आहेत.

एका दुपारी वीज गेली. ग्राइंडर थांबला आणि खालून तोच खोकला ऐकू आला, आधीपेक्षा वाईट. मी धावलो. काकू मोरीपाशी बसल्या होत्या, तोंडाशी धरलेल्या पदराला रक्त लागलेलं.

"काकांना सांगूनको," त्या म्हणाल्या. "उगा भितील."

न्यूमोनियानं फुफ्फुसात पोकळी करून ठेवली होती आणि त्या पोकळीत बुरशीनं बस्तान बसवलं होतं. आधी आणलं असतं तर औषधांना वाव होता, असं डॉक्टर म्हणाल्या. इस्पितळात काकूंनी नर्सची माफी मागितली, शेजारच्या खाटेवरच्या बाईची मागितली, आणि शेवटी माझी. "तुला रोज रोज दोसेच खायला घातले. चुकलं हं." जे मी म्हणायचं होतं, ते त्याच म्हणून मोकळ्या झाल्या.

त्या गेल्यावर एकदा काकांनी मला खाली बोलावलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "ती फार खोकायची काय रे? मला कधी कळलंच नाही."

मी होकारार्थी मान हलवली. त्या घरात ऐकू येणारा दुसरा माणूस मीच होतो.