आंग तपते, पण ताप नाई

"शून्य? एकही केस नाही?" डॉक्टरांनी फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरीच होती.

"नाही सर. घरोघर विचारलं."

मी तेव्हा धानोरा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होतो. मोठ्या माणसांमधल्या व्हायरल खोकल्याचा सर्व्हे आला होता. त्यात केस डेफिनिशन होती, म्हणजे रुग्ण म्हणून कोणाला मोजायचं त्याचा नियम. पंधरा वर्षांवरचा माणूस, या आठवड्यातला ताप आणि सोबत खोकला. नुसता खोकला धरायचा नाही. केस सापडल्या तरच टीम येणार, घशातला नमुना बर्फाच्या डब्यातून पुण्याला जाणार.

"शेजारच्या गावांत साथ आहे आणि तुमचंच गाव ठणठणीत? परत जा."

मला राग आला. माझा फॉर्म आजवर कोणी परत केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकल काढली. मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा निळसर धूर रानभर साचला होता. फुलं टपटप पडत होती. त्या गोड वासात मी जागा आहे की झोपेत सायकल चालवतोय, तेच कळेना. माणसं दिसत नव्हती, फक्त खोकला ऐकू येत होता. एका झाडाखालून, मग लांबच्या दुसऱ्या झाडाखालून. मागच्या फेरीतही मी तो ऐकला होता आणि धुराचा म्हणून सोडून दिला होता.

मैनाबाई टोपली बाजूला ठेवून खोडाला टेकली होती. पन्नाशीची, एरवी गावभर बोलणारी बाई. आज तिचं वाक्य पुरं होत नव्हतं.

"बाई, ताप आहे का?"

"नाई जी. मांगं बी सांगतलं ना. आंग तपून राह्यलं... बस."

"मग तोच ताप ना!"

"ताप कायचा, भाऊ? तापात थंडी वाजते. तुमी बोट टोचता, रगत नेता, कडू गोळ्या देता. हे तसं नाई."

थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनवर गेला. छाती भात्यासारखी चालली होती.

मी तिथेच बसलो. इथे ताप म्हणजे मलेरिया, दुसरं काही नाही. हे त्यांना शिकवलं कोणी? आम्हीच. 'ताप आला, रक्त तपासा' ही शाळेच्या भिंतीवरची अक्षरं मीच उभं राहून रंगवून घेतली होती. फार लाज वाटली.

फुलं वेचणाऱ्या एकाला माझ्या सायकलवरून केंद्रावर पाठवलं, जीप आणायचा निरोप देऊन. मैनाबाई उठायला तयार नव्हती.

"माही फुलं कोन येचन?"

"मी वेचतो," म्हणालो. जीप येईपर्यंत तिची टोपली भरली.

मग पुन्हा घरोघर गेलो. या वेळी विचारलं, "आंग तपते का?" सोबत नेलेले फॉर्म पुरले नाहीत. टीम आली, नमुने गेले, व्हायरसच निघाला. मैनाबाईला न्यूमोनिया झाला होता. गडचिरोलीला बरेच दिवस ऑक्सिजनवर होती, पण चालत घरी आली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती.

तेव्हापासून प्रश्न विचारताना आपला शब्द वापरायचा नाही, समोरच्याचा वापरायचा, एवढं शिकलो. तो पहिला फॉर्म अजून माझ्याकडे आहे. त्यात मैनाबाईच्या घराच्या नंबरापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'ताप नाही'. खाली माझी सही आहे.