अर्धी घोंगडी

दिघीत आमच्या चाळीच्या बोळात मावशींचा घोंगडीचा माग होता. घरमालकांना तिथं टू-व्हीलर लावायच्या होत्या.

"मावशी, माग कधी काढताय?"

"एवढी घोंगडी व्हऊ द्या, भाऊ. अर्धी उतरवत न्हाईत आमच्यात."

मालकही जुन्या गावातले. त्यांनी ही रीत मानली. मग मावशी मुद्दाम रमतगमत विणू लागल्या. दोन धागे घालायच्या, धोटा ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या स्वेटरची कड चिमटीत धरून म्हणायच्या, "मिशनीचा!"

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. म्हटलं, "मालकांशी मी बोलतो."

"तू कशाला? माजी घोंगडी बोलतीय की," म्हणून त्या हसल्या.

थंडीत मालकांच्या आईचे सांधे धरले. म्हातारी ब्लँकेटमध्येही कुडकुडायची. हे कळल्यापासून मावशींचा धोटा थांबेना.

"अहो, ही संपली की माग जाणार!" मी म्हणालो.

"मग म्हातारीला अर्धी पांघरायची व्हय?"

घोंगडी त्यांनी स्वतः नेऊन म्हातारीच्या अंगावर घातली. नंतर मालकांनी मागाचा विषयच काढला नाही. मावशींनीच माग काढून बोळ मोकळा केला; शब्द दिला होता.

आता बोळात गाड्यांची रांग असते. ऊन लागू नये म्हणून मीही माझी तिथंच लावतो.