बायकांच्या लाईनीतला बाप्या

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि अहमदपूर सोडून आम्ही लातुरात खोली केली. जिल्हा नवा, पाण्याचे हाल जुनेच. आणि ह्यांची दारूही जुनीच. कचेरी सुटली की थेट गुत्त्यावर, घरी यायचे ते भिंत धरून.

शपथा लई झाल्या होत्या. देवाची, आईची, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. एकही टिकली नाही. मग एका सकाळी हे म्हणाले, "आता शपथ न्हाई घेत. रोज फकस्त त्या दिवसाच्या संध्याकाळचं बघतो." मी भाकरी थापता थापता म्हटलं, "बघा, बघा. गुत्तेवाला वाट बघत असंल."

त्या संध्याकाळी हे सरळ घरी आले, दोन्ही घागरी उचलल्या आणि टँकरच्या लाईनीत जाऊन उभे राहिले. मला धसकाच बसला. ज्या माणसानं लग्नापासून हातानं तांब्या भरून घेतला नाही, त्याला बायकांच्या लाईनीची हौस? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. दारू सुटली नाही, बाई भेटली, असंच माझ्या मनानं घेतलं. त्यात शेजारीण म्हणाली, "तुमचे साहेब लई हसून बोलतात हो लाईनीत." झालं! आगीत तेल.

मी गुपचूप जाऊन भिंतीआड उभी राहिले. बायका टर उडवत होत्या, "साहेब, उद्या लुगडं नेसून या!" हे नुसते हसले. लाईनीत तरण्याताठ्याही होत्या, पण ह्यांची नजर घागरींवर. लाईन सरकली की घागरी उचलायच्या, पुढं ठेवायच्या, मोठा श्वास घ्यायचा.

घरी आल्यावर मी धारेवर धरलं. "खरं सांगा, कोण हाय ती?"

हे खाली बसले. "अगं, कुणी न्हाई. टँकरची येळ तीच गुत्त्याची येळ. लाईनीत असलं की नंबर सोडून कुठं जाता येत न्हाई. तेवढी येळ टळते."

माझा विश्वास बसला म्हणता? छे! मी रोज तोंडाचा वास घेतच होते. येत नव्हता, हे मात्र खरं.

मग एक दिवस आमच्या आळीत नळाला पाणी आलं. बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. मी रांजण भरला, घागरी भरल्या आणि एकदम डोक्यात आलं. आता हे संध्याकाळी करणार काय?

हे आले. भरलेल्या घागरी बघितल्या. चहा घेतला, उठले, बसले, परत उठले. चपला पायात सरकवत म्हणाले, "जरा चक्कर मारून येतो."

मी दोन्ही घागरी पातेल्यात, परातीत, मिळेल त्यात रिकाम्या केल्या आणि ह्यांच्या हातात दिल्या. "मागच्या आळीत अजून टँकरच येतो. तिथल्या म्हातारीला उभं राहवत न्हाई. तिचा नंबर लावा."

"तिनं सांगितलं का तुला?"

"मी सांगतेय न! जा आता, नंबर जाईल."

ह्यांनी चपला नीट घातल्या. मग घागरी घेऊन निघाले. मी दाराला कडी घातली आणि मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून उजवीकडं गुत्ता, डावीकडं टँकर. हे घटकाभर थांबले, डावीकडं वळले, शेवटच्या बाईमागं घागरी ठेवल्या. तरी मी हलले नाही. टँकर येईपर्यंत तिथंच उभी राहिले.